चाल, बांधणी आणि वीण : गाणं ऐकताना कान नेमकं काय धरतो?

रानजाई

समूहगानात मी दुसरा आवाज गाते. मुख्य चाल बाकीच्या जणी गातात आणि आम्हा चौघींची ओळ तिच्या खालून चालते. सुरुवातीचे कितीतरी महिने माझं एकच व्हायचं. दोन ओळी नीट जायच्या आणि तिसरीला माझा आवाज अलगद मुख्य चालीवर जाऊन बसायचा. मला पत्ताही लागायचा नाही. शेजारची कोपराने ढोसायची तेव्हा लक्षात यायचं. सूर कच्चे नव्हते, तालही सुटत नव्हता. कानाला एका वेळी एकच ओळ ऐकायची सवय होती, आणि तीही सगळ्यांत ठळक असेल तीच. अडचण तिथे होती.

त्यानंतर मी कुठलंही गाणं तीन प्रश्न घेऊन ऐकायला लागले. चाल कुठून कुठे जाते? एकदा ऐकलेलं परत कधी येतं? आणि एका वेळी किती ओळी चालल्या आहेत, त्यांचं आपसात नातं काय? मी यांना चाल, बांधणी आणि वीण म्हणते, पुस्तकात मेलडी, फॉर्म आणि टेक्स्चर म्हणतात. नावं बाजूला ठेवली तरी चालतं, प्रश्न मात्र सोडू नयेत, असं मला मनापासून वाटतं. म्हणून हा धागा.

चालीपासून सुरुवात करते. सगळ्यांना पाठ असलेलं एक बालगीत घेऊ, लुकलुकणाऱ्या ताऱ्याचं. शब्द इंग्रजी असले तरी चाल मूळची फ्रेंच, अठराव्या शतकातली. सरगम अशी :

सा सा प प ध ध प –
म म ग ग रे रे सा –
प प म म ग ग रे –
प प म म ग ग रे –
आणि मग पहिल्या दोन ओळी पुन्हा.

ओळीत सात स्वर, सातवा दुप्पट लांब. त्या लांब स्वरावर चाल श्वास घेते. आता आकार बघा. सा वरून थेट प वर उडी, तिथून एक पायरी वर ध, आणि मग उतरण, एकही पायरी न गाळता थेट सा पर्यंत. उडी एकदाच, बाकी सगळं पायऱ्यापायऱ्यांनी. हे फार गाण्यांत सापडतं. मोठी उडी घेतली की चाल बहुतेकदा उलट दिशेला वळते आणि शेजारच्या स्वरांवरून चालायला लागते. गळ्यालाही ते सोपं आणि कानालाही. आवाका सा ते ध एवढाच, निषाद कुठेच नाही. लहान मुलांच्या गळ्यात ती चटकन बसते त्याचं एक कारण हेही.

आता दुसरी आणि तिसरी ओळ एकाखाली एक धरा. म म ग ग रे रे सा. प प म म ग ग रे. प्रत्येक स्वर एकेका पायरीने वर सरकवला की दुसऱ्या ओळीची तिसरी होते! मधला भाग नवा वाटतो, पण तो जुनीच उतरण एक पायरी वरून उतरतो. पलटे घोटताना आपण सारेग, रेगम, गमप म्हणतो, तीच ही युक्ती. फरक एवढाच की नवी ओळ रे वर थांबते. रे वर मन टेकत नाही. घर एका पायरीवर आहे आणि आपण उंबऱ्यात उभे आहोत असं होतं. तीच ओळ पुन्हा येऊन पुन्हा रे वरच थांबते, त्यामुळे ओढ वाढते. मग पहिली ओळ सा घेऊन येते आणि जीव खाली पडतो. तोच सा सुरुवातीला साधा होता. परत आल्यावर तो हवाहवासा झालेला असतो.

म्हणजे चालीबद्दल बोलता बोलता आपण बांधणीत शिरलोसुद्धा. आधी एक भाग, मग वेगळा भाग, मग पहिला परत. तीन भागांची ही बांधणी जगभर सापडते.

विणीबद्दल सविस्तर प्रतिसादांत लिहीन. इथे फक्त एक. मोत्सार्टने याच चालीवर पियानोसाठी 12 रूपं लिहिली. पहिल्यात उजवा हात धावत्या स्वरांची जाळी विणतो, दुसऱ्यात ती धावपळ डाव्या हाताकडे जाते, आठवं मायनरमध्ये म्हणजे कोमल गंधाराच्या छायेत आहे, अकरावं अगदी संथ. चालीचा सांगाडा तोच, बांधणीही तीच, आणि तरी प्रत्येक रूप निराळं. त्यात बदलते ती मुख्यतः वीण.

तुम्ही कसं ऐकता? लिहा.

पायवाट

वाचनखूण साठवली. मला संगीतातलं काही कळत नाही, नुसतं ऐकतो. एक शंका बरेच दिवस आहे. तीच चाल कोणी खालच्या पट्टीत म्हणो वा वरच्या, आपण लगेच ओळखतो. स्वर तर सगळेच्या सगळे बदललेले असतात. मग ओळखतो कशावरून?

रानजाई

@पायवाट, चाल स्वरांत नसते, स्वरांमधल्या अंतरांत असते, म्हणून. काळी एक धरा नाहीतर पांढरी चार, सा पासून प चं अंतर सात अर्धस्वर, ते हलत नाही. आपण पट्टी बदलतो तेव्हा सगळा जिना उचलून दुसरीकडे ठेवतो, पायऱ्यांची उंची तशीच राहते.

आणि लय! तिला विसरून चालणार नाही. वरच्या सां पासून सा पर्यंत सरळ अवरोह म्हणा : सां नी ध प म ग रे सा. रियाझ वाटतो, गाणं नाही. आता पहिला स्वर लांबवा, नी आखूड करून ध ला चटकन लावा, प वर रेंगाळा, आणि मग उरलेले चार वेगवेगळ्या लांबीचे करत सा वर या. एका फार प्रसिद्ध नाताळगीताची सुरुवात अशीच आहे. अवरोहातला एकही स्वर इकडचा तिकडे झालेला नाही, वेळ वाटून दिल्याने त्याची चाल झाली.

उंबरठा

पियानो शिकतोय, म्हणून यात थोडी भर.

चालीचा सगळ्यांत छोटा ओळखू येणारा तुकडा म्हणजे मोटिफ. आपण ठेका ओळखतो तसा तो कानाला ओळखू येतो. बीथोवनची पाचवी सिम्फनी, 1808 साली व्हिएन्नात पहिल्यांदा वाजली, चार स्वरांनी सुरू होते. तीन आखूड, एक लांब. सरगम लावली तर प प प, कोमल ग. लगेच एक पायरी खाली म म म, रे. रानजाईंनी दाखवलेली पायरी सरकवण्याची युक्ती इथेही आहे, फक्त उतरती. पुढे तो स्वर बदलत राहतो, कधी अंतरं बदलतात, कधी तो बासमध्ये, म्हणजे सगळ्यांत खालच्या सुरांत जातो, पण 'आखूड-आखूड-आखूड-लांब' हा ठोका टिकतो आणि त्यावरच ओळख पटते. पहिला भाग ऐकताना मी एकदा नुसते ते चार ठोके मोजायला बसलो होतो. थोड्याच वेळात मोजणं सोडून दिलं, कारण ते नाहीत अशी जागाच सापडेना.

दुसरं टोक म्हणजे शोपाँच्या 24 प्रिल्यूडांतलं, म्हणजे पियानोच्या छोट्या रचनांतलं चौथं. उजवा हात सुरुवातीला जवळजवळ दोन शेजारच्या स्वरांतच घुटमळतो. चाल म्हणून लिहिली तर कागदावर काहीच दिसत नाही. पण डाव्या हाताच्या कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवलेले स्वरसमूह, खाली अर्ध्या अर्ध्या पायरीने उतरत जातात आणि वरचा तोच स्वर दर वेळी निराळा लागतो. एकदा टेकलेला, एकदा टोचणारा. हे वाजवायला घेतलं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की चालीचं वजन कधी कधी तिच्या खाली काय चाललंय यावर ठरतं.

शब्दवेल्हाळ

धागा सुंदर आहे. एका शब्दावर मात्र थांबले. टेक्स्चर म्हटलं की मराठीत पटकन 'पोत' म्हणतात. कापडाचा पोत, मातीचा पोत, आवाजाचा पोत. तुम्ही 'वीण' लिहिलंय. मुद्दाम का? मला पोत जास्त रुळलेला वाटतो.

रानजाई

@शब्दवेल्हाळ, हो, मुद्दाम. यावर मी बराच विचार केलाय.

पोत हाताला कळतो. खरखरीत, मऊ, जाड, तलम. आवाजाचा पोत म्हणतो तेव्हा आपल्याला सारंगीचा ओलावा आणि बासरीचा फुंकर असलेला सूर यांतला फरक सांगायचा असतो. त्याला वेगळा शब्द आहेच, नादगुण. इंग्रजीत टिंबर म्हणतात.

टेक्स्चरमध्ये प्रश्न निराळा आहे. धागे किती आहेत, कुठला वर, कुठला खाली, एक दुसऱ्याला आधार देतोय की दोघे आपापल्या वाटेने जात एकमेकांत गुंततात? हे विणीचं वर्णन झालं. तेच चार आवाज, तोच नादगुण, पण चौघांनी एकच ओळ गायली तर एक वीण, आणि चौघांनी चार ओळी गायल्या तर दुसरी. पोत शब्द वापरला की हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळतात, आणि मग 'गिटारऐवजी सतार घेतली म्हणून टेक्स्चर बदललं' अशी वाक्यं तयार होतात. तिथे बदलला तो नादगुण.

पोत चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. पण शिकवताना वीण म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यासमोर धागे येतात, आणि मग 'किती धागे?' हा प्रश्न तो आपणहून विचारतो.

शब्दवेल्हाळ

पटलं. सैल वीण, घट्ट वीण हेही जमून जातं.

तिरीप

मी गिटार वाजवतो, गाण्यांना साथ करतो. विणीचे प्रकार माझ्या कामाच्या भाषेत सांगतो.

एकटा माणूस गातोय, साथ नाही : एक ओळ. मोनोफोनी. इथे एक गफलत नेहमी होते. शंभर जण एकच चाल म्हणत असले तरी ती एकच ओळ. बायका वरच्या सप्तकात आणि पुरुष खालच्या सप्तकात म्हणाले तरी एकच. माणसं मोजायची नाहीत, ओळी मोजायच्या. युरोपातलं ग्रेगोरियन पठण असंच, कितीही गायक असोत, धागा एक.

मी गिटारवर कॉर्ड धरल्या आणि कुणी वर गायलं : होमोफोनी. एक ओळ पुढे, बाकीच्या तिच्यामागे. चित्रपटगीतं, पॉप, रॉक यांतलं बहुतेक काही इथे बसतं. चार आवाजांत बांधलेली प्रार्थना, जिच्यात सगळे आवाज एकाच वेळी एकच शब्द उच्चारतात, तीही इथेच.

दोन किंवा जास्त ओळी, दोघींना आपापली अक्कल, कुणी कुणाची साथ नाही : पॉलिफोनी.

काम करताना मला सर्वांत जास्त उपयोग होतो तो वीण बदलण्याचा. कडव्यात मी दोनच तारा छेडतो, ध्रुवपद आलं की पूर्ण कॉर्ड, वर दुसरा आवाज, खाली बास. ध्रुवपदाची चाल तीच असते, पण ते आलं हे ऐकणाऱ्याला विणीवरून एक क्षण आधी कळतं. आणि शेवटच्या ध्रुवपदाआधी सगळं काढून घेऊन फक्त आवाज ठेवला तर ऐकणारे श्वास रोखतात. यात काही गुपित नाही, बहुतेक साथीदार हे करतात. पण कधी काढून घ्यायचं हे कळायला मला वर्षं लागली.

मंद्रसप्तक

तिरीप यांचं वर्गीकरण स्वच्छ आहे. पण हिंदुस्तानी संगीत यात कुठे बसवणार? पुस्तकं सर्रास 'मोनोफोनिक' लिहून मोकळी होतात. मला ते कधीच पुरेसं वाटलेलं नाही.

एक तर तानपुरा. प सा सा सा, किंवा पंचम वर्ज्य असलेल्या रागात बहुधा म सा सा सा. तो चाल वाजवत नाही, पण तो नसेल तर गंधार 'गंधार' राहत नाही. प्रत्येक स्वराचं नातं त्या षड्जाशी सतत तोललं जातं. जवारी, म्हणजे तारेखालच्या घोडीची घासणी, नीट लागली असेल तर त्यातून वरचे स्वयंभू स्वरही ऐकू येतात. हा धागा हलत नाही, पण तो नाही असं कसं म्हणायचं?

दुसरं म्हणजे सारंगी किंवा पेटीची संगत. गायक एक जागा घेतो, सारंगीवाला तीच जागा अर्ध्या क्षणाने घेतो. कधी मींड सरळ करून, कधी एखादा कण जास्त लावून. चाल एकच, पण एकाच वेळी दोन तऱ्हांनी चाललेली. याला हेटेरोफोनी म्हणतात. ही साथ पॉलिफोनी नाही, कारण सारंगीची ओळ स्वतंत्र नसते, ती गायकाच्या ओळीची सावली असते. पण सावली हुबेहूब नसते, आणि गंमत त्या फरकात आहे. म्हणून मी म्हणेन : षड्जाच्या आधारावरची एकच ओळ, आणि संगत असेल तेव्हा तिची सावली.

बांधणीबद्दलही थोडं. आपल्याकडे बंदिशीचा पहिला भाग, स्थायी, बहुधा मंद्र-मध्य सप्तकात फिरते, दुसरा भाग, अंतरा, मध्यातून वर चढून तार षड्जाला पोचतो आणि पुन्हा उतरून स्थायीत येतो. म्हणजे फक्त आवाज ऐकून, शब्द न कळता, कुठला भाग चाललाय हे सांगता येतं. धृपदात स्थायी आणि अंतऱ्यानंतर संचारी, आभोग असे चार भाग. कर्नाटक संगीतात पल्लवी, अनुपल्लवी, चरणम. नावं वेगळी, पण पल्लवीकडे परत येणं हे तिथेही बांधणीचं हाड आहे.

पायवाट

@मंद्रसप्तक, हे वाचून धीर आला. मोठा ख्याल ऐकायला बसलो की मी दहा मिनिटांत हरवतो. सिम्फनीचंही तेच. छोट्या गाण्यात ध्रुवपद येतं, हाताला काठ लागतो. इथे काठच दिसत नाही. काय धरून ऐकायचं?

मंद्रसप्तक

मुखडा धरा. बंदिशीचा तो छोटा तुकडा, जो समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येऊन पडतो. गायक आलाप करो, ताना घेवो, कितीही लांब जावो, मुखडा पकडून समेवर येणारच. मध्यलयीतल्या तीनतालाच्या बऱ्याच बंदिशी नवव्या मात्रेपासून उठतात, म्हणजे समेच्या आधी आठ मात्रा. पहिल्या दिवशी बाकी काही ऐकू नका. फक्त मुखडा आला की मान हलवा. थोड्याच वेळात मुखड्याच्या आधीच मान हलायला लागेल. गायक आता वळणार हे तुम्हाला आधी कळेल. तो क्षण आला की तुम्ही हरवलेले नाही.

उंबरठा

सिम्फनीचा पहिला भाग बहुतेकदा सोनाटा फॉर्ममध्ये असतो. त्यात हे ऐका. सुरुवातीला दोन कल्पना येतात. पहिली घरच्या सुरात, दुसरी परक्या सुरात, बरेचदा पंचमाला सा मानून. मग मधल्या भागात दोन्हींचे तुकडे करून त्यांना दूरदूर फिरवतात. इथे हरवलात तर हरकत नाही, तो भाग हरवण्यासाठीच असतो. मग पहिली कल्पना घरच्या सुरात परत येते, आणि यावेळी दुसरीही घरच्या सुरातच येते. तो सगळा प्रवास त्या दुसऱ्या कल्पनेला घरी आणण्यासाठी असतो. लांबी कितीही असो, ओढ मात्र रानजाईंच्या बालगीतातल्या रे ची आहे.

तिरीप

छोट्या बांधण्यांतही बघण्यासारखं खूप आहे. ब्लूजचं 12 बारचं चक्र घ्या, एक बार म्हणजे साधारण चार मात्रा. चार-चार बारच्या तीन ओळी. पहिली ओळ म्हणायची, दुसरी पुन्हा तीच, तिसरी त्याचं उत्तर. शब्द दुसऱ्यांदा तेच येतात, पण खाली कॉर्ड बदलते, सा ची म ची होते. त्यामुळे तेच वाक्य दुसऱ्यांदा जड होऊन येतं. तिसऱ्या ओळीत प ची कॉर्ड, मग म ची, मग घर. प्रत्येक ओळीचं गाणं साधारण अर्ध्यात संपतं आणि उरलेल्या जागेत वाद्य उत्तर देतं. तीन कॉर्डांत माणसांनी आयुष्यं घालवली आहेत आणि ती कमी पडली नाहीत.

याउलट प्रत्येक कडव्याला तीच चाल, मध्ये काही नाही, अशी गाणी. कथा सांगायची असेल तर ती बांधणी उत्तम. चाल मागे राहते आणि ऐकणारा गोष्ट ऐकतो.

शब्दवेल्हाळ

आणि 32 बारची ती जुनी अमेरिकन बांधणी? आठ-आठ बारचे चार भाग : तेच, तेच, वेगळं, तेच. त्यातला तिसरा भाग कवितेच्या दृष्टीने मला फार आवडतो. दोनदा एकच म्हणणं मांडून झालेलं असतं, मग कवी म्हणतो 'पण', आणि सूरही दुसरीकडे वळतो. परतून पहिलं म्हणणं येतं तेव्हा त्याच्यावर त्या 'पण' ची सावली पडलेली असते.

रानजाई

आता मी ज्या गोष्टीसाठी हा धागा काढला तिच्याकडे येते. खऱ्या पॉलिफोनीची चव घरबसल्या, चार जणांत घेता येते. चक्रगान. सगळे एकच चाल म्हणतात, पण एकामागून एक उशिरा सुरू करतात. फार जुनी कल्पना आहे ही. इंग्लंडमधल्या 13व्या शतकातल्या एका हस्तलिखितात चौघांनी असं एकामागून एक गायचं आणि खाली आणखी दोघांनी छोटा तुकडा घोळवत राहायचं, असं सहा आवाजांचं गाणं आहे.

आपण झोपलेल्या भिक्षूला उठवणारं ते फ्रेंच बालगीत घेऊ. चार ओळी, प्रत्येक ओळ दोनदा, प्रत्येक ओळीत चार ठोके :

पहिली : सा रे ग सा
दुसरी : ग म प – (प दोन ठोके)
तिसरी : पध पम ग सा (पहिल्या दोन ठोक्यांत दोन-दोन स्वर)
चौथी : सा, खालचा प, सा – (शेवटचा सा दोन ठोके)

पहिली व्यक्ती दुसऱ्या ओळीवर गेली की दुसरीने पहिली ओळ सुरू करायची. आता उभं बघा. एकीचं सा रे ग, दुसरीचं ग म प. सा वर ग, रे वर म, ग वर प. दोघी पायरीला पायरी लावून जिना चढतात, एक सतत दोन पायऱ्या पुढे. दोघींना हे ठाऊक असायची गरजही नाही.

चौघी आल्या की पहिल्या ठोक्यावर कोण काय म्हणतंय? सा, ग, प आणि सा. पूर्ण मेजर कॉर्ड! दुसऱ्या ठोक्यावर रे, म, प आणि खालचा प. कान अस्वस्थ होतो. तिसऱ्यावर ग, प, ग, सा. पुन्हा घर. कुणीही कॉर्ड वाजवलेली नाही. चौघींनी फक्त आपापली आडवी ओळ चालवली आणि ताण, सुटका, ताण, सुटका असं उभं विणकाम आपोआप झालं. ही चाल कुणी बांधली असेल त्याने दोन्ही दिशांनी एकदम ऐकलं होतं. याचा विचार केला की मला आजही भरून येतं.

बाखच्या फ्यूगमध्ये ही कल्पना फार पुढे गेली आहे. तिथे दुसरा आवाज तीच चाल पंचमावरून उचलतो, आणि पहिला गप्प न बसता तिच्याविरुद्ध नवी ओळ विणतो. चक्रगानात नक्कल शेवटपर्यंत चालते, फ्यूगमध्ये विषय मांडून झाला की प्रत्येक आवाज मोकळा होतो आणि मग मध्येच कुठेतरी विषय पुन्हा डोकं वर काढतो.

उंबरठा

फ्यूग वाजवायला बसलो की मी एकेक आवाज वेगळा गातो आणि बाकीचे वाजवतो. मधला आवाज गाणं सर्वांत कठीण. पण एकदा तो गळ्यातून गेला की बोटांत सापडतो.

मंद्रसप्तक

एक युरोपाबाहेरची वीण सांगतो. बालीच्या गमेलान या वाद्यवृंदात कोतेकान नावाचा प्रकार आहे. दोन वादक, दोन अर्धवट ओळी. एक जिथे थांबतो तिथे दुसरा वाजवतो. दोन्ही मिळून एक अखंड, अतिवेगवान ओळ ऐकू येते, जी एकट्याला त्या वेगात वाजवणं अवघड जावं. धागे दोन, ऐकू येते ओळ एक. तिरीप यांच्या वर्गीकरणात हिला कुठे ठेवायचं यावर मी अजून विचार करतोय. जॉर्जियाचं तीन आवाजांतलं समूहगानही जरूर ऐका. युनेस्कोने 2001 मध्येच त्याला मानवजातीच्या वारशात मान दिला. तिथे आवाज असे जवळ येऊन घासतात की आपल्या कानाला पहिल्यांदा दचकायला होतं.

तिरीप

@मंद्रसप्तक, कोतेकान माझ्या तीन खणांत बसत नाही हे खरं. खण चुकीचे नाहीत, पण अपुरे आहेत. सारंगीच्या सावलीबद्दलही मी लिहायला हवं होतं.

पायवाट

काल संध्याकाळी आम्ही चौघांनी चक्रगान करून पाहिलं. पहिल्या दोन वेळा मोडलं. मी दुसरा होतो आणि पहिल्याच्या ग म प वर जाऊन बसलो, रानजाईंनी लिहिलंय अगदी तसंच. तिसऱ्यांदा कानावर हात न ठेवता, पण नजर जमिनीवर ठेवून गायलो. चौथा आवाज आत आला आणि पहिला 'सा, खालचा प' वर पोचला तेव्हा एकदम पायाखाली फरशी आल्यासारखं झालं. मी गाता गाता पहिल्यांदा दुसऱ्याची ओळ ऐकली आणि माझी सुटली नाही. दोनच ओळी टिकलं, पण टिकलं.

दोन प्रश्न. टिकवायचं कसं? आणि हे संपवायचं कसं? आम्ही फिरतच राहिलो.

रानजाई

@पायवाट, वाचून फार आनंद झाला!

टिकवण्यासाठी मला एकच उपाय लागू पडला. दुसरा आवाज 'साथ' म्हणून शिकायचं सोडून दिलं. ती ओळ एकटी, पूर्ण गाणं असल्यासारखी घोळवली. तिची उडी कुठे, ती टेकते कुठे, सर्वांत वरचा स्वर कुठे. जिथे मी घसरायचे ती तिसरी ओळ बघितली तेव्हा कळलं की माझी ओळ तिथे चार ठोके एकाच स्वरावर थांबते आणि मुख्य चाल त्याच वेळी वर चढते. माझ्याकडे करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी तिच्याबरोबर जायचे. मग त्या चार ठोक्यांत आवाज हळूहळू वाढवत न्यायचं ठरवलं. थांबलेल्या स्वराला काम मिळालं आणि घसरणं बंद झालं. तुमच्या दुसऱ्या ओळीतल्या लांब प वर करून बघा.

संपवण्याचे दोन मार्ग. एक, सगळ्यांनी ठरावीक फेऱ्या करायच्या आणि ज्याची संपेल त्याने गप्प व्हायचं. चारच्या तीन ओळी, मग दोन, मग शेवटचा एकटा. वीण उसवत जाते आणि शेवटी पुन्हा एकच धागा उरतो. दोन, कुणीतरी हात वर करायचा आणि सगळ्यांनी आपापल्या ओळीच्या तिसऱ्या ठोक्यावर, जिथे असाल तिथे, स्वर धरून थांबायचं. तिथे सा, ग आणि प तिन्ही असतातच. तो शेवटचा स्वर लांबवा आणि तो धरलेला असताना ग कुणाकडे आहे ते शोधा.